‘बिकॉज’नंतरची ओळ

सोलापूर,
९ जानेवारी २०२५

श्रीमती विजयमाला मेटकरी
सहशिक्षिका (इंग्रजी), निवासी विद्यालय, खडकवाडी

स. न. वि. वि.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : आपल्या नववीच्या वर्गाने माझ्या चाचणीतील चौथ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या बुद्धीने लिहिलेले नाही.

आधी माझी ओळख. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आपल्या संस्थेचे अध्यक्ष अण्णाराव हे माझे साडू. आपली कंत्राटी नेमणूक कायम करावी की संपवावी, हे ते माझ्या अभिप्रायावर ठरवणार आहेत. म्हणून त्यांनी मला एक प्रश्नपत्रिका काढून तिच्या उत्तरपत्रिका तपासायला सांगितले. फोनवर बोललेल्या वाक्याला कोणी बांधील राहत नाही, असा माझा अनुभव आहे. आपणही उत्तर कागदावरच द्यावे.

चौथा प्रश्न असा होता : ‘या वर्षात प्रत्यक्ष पाहिलेली एक घटना इंग्रजीत लिहा. ऑलदो, सो, अनटिल, अनलेस आणि बिकॉज ही पाच उभयान्वयी अव्यये वापरून वाक्ये जोडा.’ घटना ज्याची त्याने निवडायची होती. सर्व उत्तरपत्रिका आज माझ्या मेजावर आहेत आणि प्रत्येकीत घटना एकच आहे. इतकेच नव्हे, वाक्येही एकच आहेत. त्यांचा मराठी आशय देतो : ‘भिमा ओरडला तरी मेंढरे ज्वारीत शिरली. त्यांना भूक होती, म्हणून ती खात राहिली. एकेक कोसळेपर्यंत कोणाला काही कळले नाही. पाहिले नसेल तर बोलू नये.’ पाचवे वाक्य ‘मेंढरे मेली, बिकॉज’ असे सुरू होते, आणि तेही सर्वत्र तसेच सुरू होते.

याची संभाव्य कारणे तीन. एक, प्रश्नपत्रिका आधी फुटली. दोन, मुलांनी एकमेकांचे पाहून लिहिले. तीन, आपण एक तयार परिच्छेद पाठ करून घेतला आणि कोणताही प्रश्न आला तरी तोच उतरवा, असे सांगितले. तिन्हींपैकी कोणतेही खरे असले, तरी माझा निष्कर्ष बदलत नाही.

चुकीच्या इंग्रजीचा मला राग येत नाही. चुकीचे वाक्य हे निदान कोणाचे तरी असते. मला शिसारी येते ती कोणाच्याच नसलेल्या बरोबर वाक्याची. ‘बिकॉज’ लिहिणारा माणूस दोन गोष्टींमधील संबंधाची हमी घेत असतो. ज्या मुलांना अशी हमी न घेताच तो शब्द वापरायला शिकवले जाते, ती पुढे जाहिराती लिहितात किंवा भाषणे करतात, आणि दोन्हींचे नमुने सध्या गड्ड्याच्या यात्रेच्या भोंग्यांमधून माझ्या खिडकीत येत आहेत.

आठ दिवसांत खुलासा करावा.

आपला,
वीरभद्रप्पा कलशेट्टी

---

खडकवाडी,
१५ जानेवारी २०२५

आदरणीय सरांना सविनय नमस्कार.

पत्र मिळालं. पेपर फुटलेला नाही. शिपाई निंगप्पानं तुमचं सील मुलांसमोरच तोडलं. मुलांनी एकमेकांचं पाहिलेलं नाही, कारण बाकं मी स्वतः लांब लांब लावली होती. आणि पाठ करून घेतलेलं उत्तर म्हणाल तर तेही खरं नाही, म्हणजे तुम्ही म्हणता तसं खरं नाही.

घटना खरी आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी ती साऱ्या वर्गानं खिडकीतून पाहिली. तुम्ही पाहिलेली घटना विचारली. यापेक्षा मोठं या मुलांनी यंदा काही पाहिलेलं नाही.

वाक्यं सारखी का आली, हे माझ्या शिकवण्याच्या पद्धतीमुळं आहे. त्या पद्धतीबद्दल अध्यक्ष साहेबांनी मला मागं एकदा ताकीद दिली होती, म्हणून लेखी काही देता येत नाही. तुम्ही त्यांचे पाहुणे आहात.

एवढीच विनंती करते की उत्तरपत्रिका शेवटपर्यंत वाचाव्यात.

मी याच वाडीतली. आमच्या घरात शाळेत शिकवणारी मी पहिली. ही नेमणूक गेली तर उपाशी राहणार नाही, पण इथं पुन्हा शिकवायला मिळणार नाही, आणि मला इथंच शिकवायचं आहे.

आपली विश्वासू,
विजयमाला मेटकरी

---

सोलापूर,
२२ जानेवारी २०२५

प्रिय अण्णाराव,

शरणु शरणार्थी.

मेटकरीबाईंचा खुलासा सोबत पाठवत आहे. तो तू वाचशीलच. मी त्यातील दोन जागांकडे तुझे लक्ष वेधतो. ‘म्हणजे तुम्ही म्हणता तसं खरं नाही’ हे वाक्य पाहा. आरोप नाकारून पुन्हा त्याच्यासाठी दार किलकिले ठेवण्याची ही रीत वकिलांना शोभते. दुसरे, ‘पद्धतीबद्दल लेखी काही देता येत नाही.’ जी पद्धत कागदावर मांडता येत नाही, ती पद्धत नव्हे.

शेवटी मला उपदेश आहे की उत्तरपत्रिका शेवटपर्यंत वाचाव्यात! तर्कशास्त्राच्या अध्यापकाला पुरावा कसा वाचावा हे सांगण्याचे धैर्य मी दुसऱ्या कशासाठी तरी वाखाणले असते.

माझा अभिप्राय असा : उत्तरे सारखी आहेत, म्हणून ती मुलांची नाहीत. ती मुलांची नाहीत, म्हणून या वर्गाला वाक्ये जोडता येतात हे सिद्ध होत नाही. नेमणूक कायम करण्याची शिफारस मी करू शकत नाही. बाई प्रामाणिक नाहीत असे मी म्हणत नाही. ते ठरवण्याचे साधन माझ्याकडे नाही.

हे पत्र तुझ्यापुरते आहे.

तुझा,
वीरभद्रप्पा

---

खडकवाडी,
३ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आप्पांना अण्णारावचा शरणु शरणार्थी.

आप्पा, काय पत्र लिहिलंय! कार्यकारिणीत वाचलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या. ‘उत्तरे सारखी आहेत, म्हणून ती मुलांची नाहीत.’ ह्याच्यापुढं कोण काय बोलणार? एकाचीही हरकत नाही. बाईंना जानेवारीअखेर मोकळं केलं. कटकट नको म्हणून प्रार्थनेच्या वेळी पोरांपुढंही वाचून दाखवलं, म्हणजे पुन्हा कोणी नक्कल करायची हिंमत करणार नाही. दोन-चार पोरी रडल्या. रडू दे की, वळण लागतं.

नववीतली रेश्मा, कुंडलिकची पोरगी, उठून म्हणाली, “साहेब, आमी कापी न्हाय केली.” मी म्हटलं, “बस खाली, सोलापूरचे प्रोफेसर खोटं सांगत्यात व्हय?” बसली.

बाईंच्या जागी कार्यकारिणीतल्या आपल्या बसलिंगप्पाचे जावई आलेत. पुण्यात क्लास चालवत होते. कोट घालून शिकवतात. पालक खूश आहेत.

ताकिदीचं म्हणाल, तर त्या बाई वर्गात टाळ्या वाजवून घ्यायच्या. इंग्रजीच्या तासाला जत्रा! शेजारच्या वर्गाचे गुरुजी तक्रार करायचे. ताकीद मी त्याचीच दिली होती.

हुरडा अजून आहे. चन्नम्मा अक्कांना घेऊन या. गाडी पाठवतो.

आपला,
अण्णाराव

---

खडकवाडी,
१४ मार्च २०२५

ती. स्व. आप्पांना शरणु शरणार्थी.

मागल्या पत्राला उत्तर नाही. हुरडाही संपला. रागावलात व्हय? पत्र तुझ्यापुरतं असं तुम्ही लिहिलं होतं ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. पण चांगली गोष्ट चार लोकांना सांगावी, असं तुम्हीच म्हणता की.

सोबत जावईबापूंची पुस्तिका आहे. दहावीच्या पोरांसाठी काढलीय, वाक्यं जोडायची सगळी ट्रिक एका ठिकाणी. छापायला द्यायची आहे. पहिल्या पानावर तुमचे दोन शब्द पाहिजेत. फार नको, ‘विद्यार्थ्यांना उपयुक्त’ एवढं लिहिलं तरी चालेल.

अण्णाराव

---

सोलापूर,
१८ मार्च २०२५

अण्णाराव,

पुस्तिका मिळाली. वाचली. नंतर हात धुतले.

पृष्ठ दोनवरील नियम : ‘दुसऱ्या वाक्यात नॉट दिसला की डोळे झाकून ऑलदो.’ पृष्ठ तीन : ‘दोन्ही वाक्यांत माणूस एकच असेल तर अँड टाकून मोकळे व्हा.’ पृष्ठ चारवर ठळक अक्षरांत आणि चौकटीत : ‘अर्थ पाहू नये, वेळ जातो.’

तुझ्या संस्थेच्या नावाने, सरस्वतीच्या चित्राखाली, हे वाक्य छापले जाणार आहे. गटारावरचे झाकण उघडे राहिले तर महापालिकेला शिव्या देणारी आपण माणसे. आणि येथे आपण स्वतः झाकण काढून वर ‘उपयुक्त’ अशी पाटी लावायला निघालो आहोत. अर्थ पाहिल्यावाचून दोन वाक्ये जोडणारा विद्यार्थी उद्या कोणतीही दोन माणसे, कोणतेही दोन गुन्हे, कोणतेही दोन आजार जोडील. त्याला कोणी अडवणार नाही, कारण त्याचे व्याकरण बरोबर असेल. माझे दोन शब्द हवे असतील तर हे घे : ‘जाळून टाका.’

दुसरी गोष्ट. ‘तुझ्यापुरते’ या शब्दाचा अर्थ तुला कळतो. तुला तो ध्यानात राहिला नाही यावर मी विश्वास ठेवत नाही. माझा अभिप्राय लहान मुलांसमोर वाचण्यात आला, त्यातून त्यांना नक्कल करणारे ठरवण्यात आले, आणि हे तू मला हुरड्याच्या आमंत्रणासोबत कळवलेस. तुझ्या पत्राला उत्तर देण्याइतका माझा वीट त्या वेळी कमी झालेला नव्हता. आताही झालेला नाही.

तरीही मी न्यायाने वागू इच्छितो. पुस्तिका वाईट आहे म्हणून मेटकरीबाईंची पद्धत चांगली ठरत नाही. दोन वाईटांची तुलना करण्यासाठी त्या उत्तरपत्रिका आज पुन्हा कपाटातून काढतो.

वीरभद्रप्पा

---

सोलापूर,
२० मार्च २०२५

श्रीमती विजयमाला मेटकरी यांस,

स. न. वि. वि.

आपण सध्या कोठे आहात हे मला माहीत नाही. हे पत्र शाळेच्या पत्त्यावर, निंगप्पांच्या नावाने पाठवत आहे.

काल मी उत्तरपत्रिका शेवटपर्यंत वाचल्या.

जानेवारीत मी काय केले होते ते सांगतो. वरच्या काही उत्तरपत्रिका ओळीने वाचल्या. त्यांतील पाचवे वाक्य कमीअधिक सारखे निघाले. पुढच्या उत्तरपत्रिकांची पहिली चार वाक्ये तीच दिसताच मी ‘बिकॉज’ या शब्दापाशी थांबू लागलो. लाल रेघ मारून कागद बाजूला ठेवू लागलो. वरचे कागद एकाच बाकरांगेतील होते, हे मला काल कळले. पोत्यातील वरची मूठ पाहून पोते जोखणाऱ्या आडत्याला मी उभा जन्म नावे ठेवली आहेत.

लाल रेघेच्या पलीकडे पुढील गोष्टी होत्या. एकाने लिहिले आहे : ‘मेंढरे मेली, बिकॉज कुंडलिकने आदल्या दिवशी औषध फवारले होते, मी पंप पाहिला.’ दुसरा लिहितो : ‘बिकॉज ज्वारी कोवळी आणि पाण्यावाचून सुकलेली होती, अशी ज्वारी विषारी असते, असे माझे आजोबा म्हणतात, पण आजोबा तेथे नव्हते.’ तिसरी : ‘फवारणी झाली होती हे खरे, पण ती शेजारच्या डाळिंबावर, म्हणून ते कारण असू शकत नाही.’ बिरुदेव नावाच्या मुलाने लिहिले आहे : ‘बिकॉज भिमाकाका झोपला होता. पहिले वाक्य मी वर्गाबरोबर लिहिले, पण तो ओरडला तो नंतर.’ म्हणजे या मुलाने स्वतःच्या उत्तराचा पाया स्वतःच तपासला. इंग्रजी ओबडधोबड आहे. काळ चुकले आहेत. विचार एकाचाही उसना नाही.

आणि सर्वांत तळाशी रेश्माची उत्तरपत्रिका होती. तिने पाचवे वाक्य इतरांप्रमाणे सुरू केले, ‘बिकॉज’ लिहिले, आणि तो शब्द खोडला. पुढे असे आहे : ‘कुंडलिक माझे वडील असले तरी त्यांनी त्या दिवशी काय केले ते मी पाहिले नाही, म्हणून मेंढरे का मेली हे मी लिहिणार नाही.’

प्रश्नात पाचही अव्यये वापरा, असे होते. तिने एक खोडले, म्हणून नियमाने तिचा गुण जातो. मी तो कापला नाही. या मुलीला अण्णारावांनी माझे नाव घेऊन खाली बसवले.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली चार वाक्ये सारखी कशी आली? आणि आपण मला हे जानेवारीतच स्पष्ट का सांगितले नाही?

वीरभद्रप्पा कलशेट्टी

---

करकंब,
२ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

निंगप्पा मामा पत्र घेऊन स्वतः एस.टी.नं आले. म्हणाले, “बाई, म्हातारा इरघळला वाटतं.” तसं मला वाटत नाही, पण उत्तर देते.

मी करकंबला बहिणीकडं राहते आणि इथल्या एका क्लासमध्ये शिकवते. तुम्ही जी पुस्तिका जाळायला सांगितली असं मामा म्हणाले, तसलंच दुसरं पुस्तक मी रोज शिकवते. ‘नॉट दिसला की ऑलदो.’ पालकांना तेच पाहिजे. पहिल्या दिवशी मी अर्थ विचारला तर एक मुलगा म्हणाला, “मॅडम, अर्थ परीक्षेला येत न्हाय.” संध्याकाळी घरी आले की माझाच मला वास येतो. तुम्ही हात धुतलेत म्हणे. मला ती सोय नाही.

आता तुमचे प्रश्न.

आमच्या धनगरांच्या ओव्यांत एक जण ओळ सांगतो, बाकीचे तिचा शेवट उचलून धरतात, आणि मग कथा पुढं सरकते. या मुलांनी हे आईच्या मांडीवर ऐकलेलं असतं. इंग्रजीचं वाक्य त्यांच्या तोंडात अर्ध्यावर तुटायचं. एक तुकडा यायचा, दुसरा यायचा नाही. मग मी एकदा ओवीसारखं करून पाहिलं. एकानं पहिला तुकडा सांगायचा, वर्गानं टाळी देऊन ‘ऑलदो’ उचलायचा, दुसऱ्यानं पुढचा तुकडा जोडायचा. तुकडा खोटा असला की टाळी बंद. जमलं. अध्यक्ष साहेबांना ती जत्रा वाटली.

नियम एकच. सुरुवातीच्या ओळी सगळ्यांच्या. ‘बिकॉज’नंतरची ओळ ज्याची त्याची.

हे का करावं लागलं तेही सांगते. भिमा मेटकरी माझा चुलता. त्याची मेंढरं कुंडलिकच्या ज्वारीत पडली. वाडीत दोन तट झाले. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुलं, आणि एका तटाची मुलं परीक्षेलाही एकाच रांगेत बसायची. दुसऱ्या दिवशी बिरुदेव रेश्माच्या अंगावर धावून गेला.

“तुज्या बानंच इख घातलं.”

“माज्या बानं काय बी केलं न्हाय. तू बघितलंस व्हय?”

“समद्यांस्नी ठावं हाय की!”

“समद्यांस्नी म्हंजी कुणाला? नाव सांग की!”

मी दोघांना धरून बसवलं आणि म्हटलं, भांडा, पण इंग्रजीत. ज्याला इंग्रजीत जोडता येईल त्यानंच बोलायचं. पंधरा दिवस आम्ही तीच चार वाक्यं घडवली. कोणतं वाक्य दोन्ही तटांना मान्य आहे ते ठरवायला एवढा वेळ लागला. ‘पाहिले नसेल तर बोलू नये’ हे वाक्य माझं नाही. ते रेश्मा आणि बिरुदेवनं मिळून केलं. त्यानंतर वर्गात मारामारी झाली नाही.

तुम्ही ‘पाहिलेली घटना’ विचारली. मुलांना वाटलं, हे तर आपलंच आलं.

मी स्पष्ट का लिहिलं नाही? भीती होती, ते पहिलं. चुलत्याची बाजू घेते असं म्हणतील, ही दुसरी भीती. आणि खरं सांगायचं तर तुमचं पहिलं पत्र वाचून मला तुमचा तिटकारा आला. तिन्ही कारणं आधीच ठरवून ज्यानं खुलासा मागितला, त्याला टाळ्या समजावून काय सांगायच्या? शेवटपर्यंत वाचा एवढं लिहिलं. माझीही चूक आहे. पण ती तुमच्या चुकीशी जोडू नका. दोन्ही वेगळ्या राहू द्यात.

तुम्ही माझी माफी मागितलेली नाही. बरं केलंत. मला ती कागदावर नको. तुमचा अभिप्राय ज्या प्रार्थनेच्या रांगेपुढं वाचला गेला, त्याच रांगेपुढं उभं राहून तुमचं काय चुकलं ते तुम्ही वाचा. रेश्मा ऐकेल अशा आवाजात.

विजयमाला

---

खडकवाडी,
१० एप्रिल २०२५

आप्पा,

या आठवड्यात मागोमाग आलेली तुमची तिन्ही पत्रं मिळाली. चन्नम्मा अक्कांचा फोनही आला. त्या तर तुमच्यापेक्षा कडक बोलल्या. सल्लागार मंडळातून नाव काढून घेईन म्हणता, अभिप्राय मागे घेतो म्हणता, कार्यकारिणीला कळवतो म्हणता. आता मी तोंड कुठं लपवू? बसलिंगप्पाला काय सांगू?

ठीक आहे. पुस्तिका छापत नाही. जावईबापूंना पाचवी-सहावीला लावतो. मेटकरीबाईंना जूनपासून कायम नेमणूक देतो, आदेश टाईप करून ठेवलाय, सही केलीय. टाळ्या वाजवायच्या तर वाजवा म्हणावं, खिडक्या लावून.

पण तुम्ही पोरांपुढं उभं राहून चूक कबूल करणार, हे काही मला पटत नाही. आपल्या घरातलं माणूस. वयाचा मान काही आहे की नाही? माझ्याकडं द्या, मी थोडक्यात सांगतो.

अण्णाराव

---

सोलापूर,
१३ एप्रिल २०२५

श्रीमती विजयमाला मेटकरी यांस,

स. न. वि. वि.

अण्णारावांचे पत्र सोबत आहे. ‘थोडक्यात सांगतो’ ही त्यांची सूचना मी नाकारली आहे. त्यांनी एकदा माझे म्हणणे सांगितले, तेवढे पुरे झाले. नेमणुकीचा आदेश त्यांच्या मेजावर आहे. तो स्वीकारणे किंवा न स्वीकारणे हा आपला अधिकार. त्याबाबत मी आपल्याला काहीही सुचवणार नाही.

आपल्या पद्धतीविषयी माझा एक आक्षेप कायम आहे आणि सौजन्यासाठी मी तो लपवणार नाही. समूहाने घडवलेली चार वाक्ये एकट्याने परीक्षेत उतरवणे योग्य नाही. तेथे पहिली ओळही ज्याची त्याचीच हवी. यावर आपण जूनमध्ये, किंवा मी तेथे येईन तेव्हा, वाद घालू. आपल्या चुकीचा आणि माझ्या चुकीचा संबंध मी जोडलेला नाही.

सतरा तारखेला मी प्रार्थनेच्या वेळेस शाळेत येत आहे.

वीरभद्रप्पा कलशेट्टी

---

करकंब,
१५ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

आक्षेप मान्य नाही. वाद घालू.

सतराला मी येते. मुलांच्या मागं उभी राहीन. आदेश घ्यायचा की नाही ते तुमचं ऐकून ठरवेन.

विजयमाला

---

खडकवाडी निवासी विद्यालय,
१७ एप्रिल २०२५. प्रार्थनेच्या वेळी आधी इंग्रजीत आणि नंतर मराठीत वाचलेला मजकूर. मूळ प्रत कार्यकारिणीच्या दप्तरात ठेवावी.

प्रश्न चौथा. या वर्षात प्रत्यक्ष पाहिलेली एक घटना लिहा. दिलेले शब्द वापरून वाक्ये जोडा.

उत्तर.

मेटकरीबाईंनी ‘शेवटपर्यंत वाचा’ असे लिहिले, तरी मी अर्ध्यावर थांबलो. मला घाई नव्हती, मला खात्री होती, म्हणून मी पुढे पाहिले नाही. एका वाईट पुस्तिकेचा वीट येईपर्यंत तुमचे कागद माझ्या कपाटात पडून राहिले. पाहिले नसेल तर बोलू नये, हे वाक्य मी तुमच्या प्रत्येक कागदावर वाचले होते, आणि त्याखाली लाल रेघ मारली होती.

तुमच्या बाईंची नेमणूक गेली, बिकॉज

येथे मला सोपी कारणे सुचली. अध्यक्षांनी पत्र उघड वाचले. बाईंनी खुलासा अर्धा दिला. कागद एकाच रांगेचे वर आले. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण रेश्माने जे केले तेच मी त्यांच्याबाबत करतो आणि तिन्ही खोडतो. या ओळीनंतरचे वाक्य ज्याचे त्याने लिहायचे, असा तुमच्या वर्गाचा नियम आहे. माझे वाक्य असे :

बिकॉज मी न वाचलेल्या कागदांवर निर्णय दिला.

तुम्ही नक्कल केलेली नव्हती. ही चूक माझी, एकट्याची.

(सही)
वीरभद्रप्पा कलशेट्टी